निव्वळ भेटीसाठी

माळव्यातल्या आपल्या जुन्या मराठी घरांतून कोणी परगावी निघाले की त्यास एक प्रश्न हमखास विचारला जाई, 'काय निमित्त?' ह्या प्रश्नाची मान्य उत्तरेही ठरलेली होती. लग्न, मुंज, बाळंतपण, मर्तिक, तीर्थयात्रा, वतनाचा तंटा, दरबारचे काम, नाहीतर नोकरीचा शोध. ह्यांतले काहीच नसताना केवळ एका स्नेह्याचे मुख पाहावे म्हणून गाव सोडणे हे शहाण्या माणसाचे लक्षण मानले जात नसे. आगगाडीने आपल्या लोकांस काय दिले ह्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. व्यापार वाढला, दुष्काळात धान्य पोचू लागले, वर्तमानपत्रे वेळेवर मिळू लागली, हे सारे खरे. परंतु निमित्तावाचून मित्राच्या घरी जाता येणे हीही तिचीच देणगी होय, आणि तिची नोंद आमच्या पाहण्यात फारशी आलेली नाही. इंदूर-खंडवा मार्गाच्या आधाराने ती येथे करून ठेवावी असे वाटते.

आगगाडीपूर्वीचा प्रवास कसा होता हे पाहावयाचे तर विष्णुभट गोडशांच्या 'माझा प्रवास' ह्या ग्रंथाइतका विश्वासू साक्षीदार दुसरा नाही. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक १८५७ साली आपल्या काकांसह उत्तरेकडे निघाले. घरी कर्ज झालेले, आणि बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असून त्यात भरघोस दक्षिणा मिळेल अशी वार्ता कानी आलेली. म्हणजे निमित्त पक्के होते. तरीही घरची परवानगी सहज मिळाली नाही. महूच्या वाटेवर बंडाची बातमी कळली, पुढे झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहावा लागला, लुटले गेले, आणि काही वर्षांनी गंगेची कावड घेऊन ते घरी परतले तेव्हा घरच्यांना तो पुनर्जन्मच वाटला असल्यास नवल नाही. भारताचार्य चिंतामणराव वैद्यांनी हा वृत्तांत १९०७ साली प्रसिद्ध केला. बंडाचा इतिहास म्हणून तो वाचला जातो, आणि ते योग्यच आहे. आम्ही मात्र तो पुनःपुन्हा वाचतो तो पायी चालण्याचा हिशेब म्हणून. कोकणातून माळव्यात येणे म्हणजे आयुष्यातले एक पर्व असे, आणि आपले पूर्वज पेशव्यांच्या व होळकर-शिंद्यांच्या फौजांबरोबर इकडे आले ते बहुतेक कायमचेच आले. निमाडात सनावदजवळ रावेरखेडीस नर्मदाकाठी थोरल्या बाजीरावांची समाधी आहे. २८ एप्रिल १७४० रोजी त्यांचे तेथे देहावसान झाले. इतक्या मोठ्या पुरुषालाही देशी परत जाणे घडले नाही, मग मागून आलेल्या कारकुना-भिक्षुकांची काय कथा!

मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली ती कथा शाळकरी मुलांनाही पाठ असते, म्हणून तिच्यावर शाई खर्चीत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढचे. १८६५ साली थळ घाटाची चढण गाडीने जिंकली, खानदेशातून रूळ पुढे सरकले, आणि १८७० च्या मार्चमध्ये जबलपुरास मुंबईकडचा व कलकत्त्याकडचा मार्ग एकमेकांस मिळाला. ह्याच मार्गावर खंडवा आहे. इंदूरच्या माणसास आता मुंबई दोन दिवसांच्या आत आली होती, अट एवढीच की त्याने आधी खंडवा गाठावे! तेथवरचा रस्ता म्हणजे सिमरोळचा घाट उतरणे, बडवाहजवळ नर्मदा नावेने ओलांडणे आणि निमाडच्या उन्हातून बैलगाडीने चार-पाच मुक्काम करणे. पावसाळ्यात नर्मदा फुगली की काठावर किती दिवस काढावे लागतील हे मैयेच्या मर्जीवर.

हे अंतर तोडले ते महाराजा तुकोजीराव होळकर, दुसरे, ह्यांच्या पैशाने. त्यांनी इंग्रज सरकारास एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने १०१ वर्षांच्या मुदतीवर कर्जाऊ दिले, आणि संस्थानातली जमीन विनामूल्य दिली. ह्या उदारतेत व्यवहार नव्हता असे मानण्याचे कारण नाही. माळव्याची अफू आणि निमाडचा कापूस मुंबईस पोचवावयाचा होता, आणि इंग्रजांना महूची छावणी हाताशी हवी होती. बांधणी टप्प्याटप्प्याने झाली. १८७४ च्या डिसेंबरात खंडवा ते सनावद गाडी सुरू झाली. ५ ऑक्टोबर १८७६ रोजी नर्मदेवरचा पूल तुकोजीरावांच्या हस्ते खुला झाला. मग राहिला तो विंध्याचा कडा. काळाकुंडापासून पाताळपाण्यापर्यंत चाळीसास एक अशी चढण, चार बोगदे, खाली चोरल नदीचे खोरे. १८७८ साली इंदूर ते खंडवा सलग मार्ग तयार झाला. अंतर सुमारे ८५ मैल. सकाळी इंदुरास निघालेला माणूस दिवस मावळण्यापूर्वी खंडव्यास उतरू लागला.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. मुंबईकडून आलेला मार्ग रुंद रुळांचा होता. इंदूरचा मात्र काटकसरीसाठी मीटर गेज, म्हणजे अरुंद रुळांचा केला गेला. त्या वर्षांत लॉर्ड मेयोंच्या सरकारचे धोरणच तसे होते. परिणाम असा की खंडव्यास गाडी बदलल्यावाचून गत्यंतर नसे. कापसाच्या गाठी एका डब्यातून दुसऱ्यात चढवाव्या लागत आणि माणसेही. व्यापाऱ्यांनी ह्या व्यवस्थेला बोल लावले ते रास्तच होते. पण वळकट्या, पडशा, ट्रंका आणि मुले घेऊन फलाटावर ताटकळणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी खंडव्यास ओळखीचे एक घर असणे ही मोठी गरज होऊन बसली. तेथे रेल्वेत, कचेरीत, शाळेत नोकरीस लागलेला कोणी ना कोणी जुना सोबती सापडे. प्रथम त्याच्याकडे माणसे उतरली ती गाडीची वेळ होईपर्यंत. पुढे ती केवळ त्याच्याकडेच जाऊ लागली.

आमच्या घरी पणजोबांच्या खर्चाच्या दोन वह्या आहेत. मोडीत लिहिलेल्या, कसर लागलेल्या, पण वाचता येतात. पणजोबा होळकरांच्या फडणिशी दप्तरात कारकून होते. त्यांचा बालपणीचा एक सोबती तारेचे काम शिकून खंडव्यास लागला होता. १८८० नंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. त्या मित्रास भेटावयास जाण्याचे पणजोबांनी मनात आणले आणि घरात बोलून दाखविले. पुढची हकीकत आमच्या आजोबांच्या तोंडची. घरात पणजोबांची विधवा आत्या, सर्व जण तिला आक्का म्हणत, तिचा शब्द शेवटचा. तिने विचारले, 'लग्न नाही, मुंज नाही, कुणाचं बरंवाईट नाही, मग जातोस कशाला?' पणजोबा म्हणाले, 'भेटायला.' आक्का म्हणाली, 'भेटून काय करणार?' ह्या प्रश्नास पणजोबांपाशी उत्तर नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर आजही कोणापाशी असेल असे वाटत नाही. दोन दिवस घरात अबोला राहिला. कुणाला संशय आला की ह्याने बाहेर कर्ज केले आहे, कुणाला वाटले दुसरे लग्न ठरवितो आहे. अखेर तोडगा आक्कानेच काढला. वाटेत मोरटक्का स्टेशन लागते, तेथून ओंकारेश्वर सात कोसांच्याही आत. परतताना तेथे उतर, स्नान कर, दर्शन घे, तीर्थ आण. म्हणजे लोकांना सांगता येईल.

त्याप्रमाणे झाले. वहीत त्या प्रवासाचा खर्च 'श्री ओंकारेश्वर यात्रा' ह्या नावाखाली मांडला आहे. आयुष्य शासकीय नोकरीत गेल्यामुळे खर्च कोणत्या शीर्षाखाली पडतो ह्याला केवढे महत्त्व असते ते आम्ही जाणतो! तिकिटासाठी हाली रुपये मोडून कलदार घेतल्याचा बट्टा निराळा लिहिलेला आहे, कारण संस्थानात होळकरी नाणे चाले. पुढे बैलगाडीभाडे, नावाड्यास, ब्राह्मणास दक्षिणा, नारळ. खंडव्याच्या मित्राच्या मुलांसाठी नेलेल्या खाऊचा आकडाही त्यातच बसविला आहे. दुसऱ्या वहीत, दीड वर्षाने, पुन्हा खंडव्याच्या तिकिटाची नोंद येते. तेथे यात्रेचा उल्लेख नाही. मोडीतले दोनच शब्द आहेत, 'खंडवे, भेट.' त्यानंतर ही नोंद जवळजवळ प्रतिवर्षी सापडते.

दीड वर्षात काय बदलले? आक्का तर तीच होती. आमचा तर्क असा की बदल आकड्यांनी घडविला. बैलगाडीने जाऊन-येऊन दहा-बारा दिवस मोडत, तितकी रजा कोणी देत नसे, आणि इतक्या दिवसांच्या गैरहजेरीस तोलामोलाचे निमित्त हवेच. गाडीने दोन दिवसांत परत येता येते असे एकदा घरच्यांनी पाहिले की निमित्ताचे वजनही उतरले. पूर्वी आप्तांच्या भेटीदेखील कार्यप्रसंगीच होत, आणि कार्यात यजमानाला बोलावयास सवड कोठली! शांतपणे ओटीवर बसून, पानाचे तबक मध्ये ठेवून, रात्री दोन प्रहरांपर्यंत दोघांनी बोलत बसावे, ही चैन परगावच्या मित्राबरोबर प्रथमच शक्य झाली.

त्या पहिल्या प्रवासाची आजोबांनी सांगितलेली बाकीची वर्णने त्या काळच्या कोणत्याही घरात ऐकावयास मिळतील अशीच आहेत, तरी दोन-तीन येथे देतो. पहिली वेळेची. रेल्वेच्या घड्याळांत त्या काळी मद्रासची वेळ चाले. साऱ्या देशास लागू होणारी प्रमाणवेळ १९०६ पासूनची. मद्रास आपल्या पूर्वेस असल्यामुळे रेल्वेचे घड्याळ इंदूरच्या सूर्यापेक्षा सतरा-अठरा मिनिटे पुढे. राजवाड्याच्या घड्याळावर विसंबून निघालेल्यास गाडीचा धूर तेवढा दिसावयाचा. पणजोबा ह्यातून वाचले, कारण ते पहाटेच जाऊन स्टेशनावर बसले होते. आपल्या लोकांची गाडीच्या दोन तास आधी स्टेशनावर जाण्याची खोड पुष्कळांच्या थट्टेचा विषय झाली आहे. तिचे मूळ आमच्या मते ह्या दोन घड्याळांच्या भांडणात आहे.

दुसरी गोष्ट सोवळ्याओवळ्याची. आक्काने दुधात भिजविलेल्या दशम्या, गुळाची पोळी, लिंबाचे लोणचे आणि फिरकीचा तांब्या भरून पाणी दिले होते. दशमी पाण्यावाचून होते, तिला प्रवासात दोष नाही, असा शास्त्रार्थ. पणजोबांनी ती शिदोरी डब्यात सोडलीच नाही, नर्मदेच्या पुलापलीकडे एका स्टेशनावर उतरून, फलाटाच्या कडेला बसून खाल्ली. तिसऱ्या वर्गाच्या बाकावर एका अंगास बोहरी व्यापारी आणि दुसऱ्या अंगास निमाडी शेतकरी. जातवार डबे निराळे ठेवावेत अशा मागण्या आरंभी झाल्या होत्या, पण त्या चालल्या नाहीत. आगगाडीने जातिभेद मोडला असे व्याख्यानांतून सांगितले जाते, ते आम्हांस अतिशयोक्तीचे वाटते. बाक एक झाले, घागरी निराळ्याच राहिल्या. स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी अशा हाका पुढे कित्येक दशके चालू होत्या. तरीही शेजारी बसून चार तास काढल्यावर माणूस गाव कोणते, पीक कसे आहे, एवढे तरी विचारतोच. निमाडी शेतकऱ्याने पणजोबांना कापसाच्या भावाविषयी जे सांगितले ते त्यांनी मित्राला सांगितले, मित्राने सासऱ्याला. असो.

ह्या भेटीगाठींचे क्षेत्र पुढे वाढत गेले. शिंद्यांच्या साह्याने झालेला आग्रा-ग्वाल्हेर मार्ग १८८१ साली ग्वाल्हेरीस पोचला, आणि १८८९ पर्यंत तो झाशी, बीना, भोपाळवरून दक्षिणेस जोडला गेला. बडोद्यास १८६१ पासूनच गाडी होती. ह्यापूर्वी इंदूरच्या मराठी घराचे दोर एक तर पुण्याकडे, नाहीतर कोकणातल्या मूळ गावाकडे बांधलेले असत. ग्वाल्हेर, बडोदे, इंदूर, हैदराबाद ह्या गावांतल्या आपल्या माणसांना एकमेकांची नावे ठाऊक असत, गाठ क्वचित पडे. रेल्वेने ह्या गावांना आडव्या धाग्यांनी विणले. साहित्य संमेलनांची यादी काढून पाहा. १९०९ साली बडोदे, १९१७ साली इंदूर, १९२१ साली पुन्हा बडोदे. आणि पुढे तर ओळीने १९२८ ग्वाल्हेर, १९२९ बेळगाव, १९३० मडगाव, १९३१ हैदराबाद. महाराष्ट्राबाहेर ओळीने चार वर्षे संमेलन भरते हे त्या गावांतल्या मंडळींचे कर्तृत्व खरेच, पण गाडीवाचून तेथे प्रतिनिधी पोचते कसे? आजोबा १९२८ च्या ग्वाल्हेरच्या संमेलनास गेले होते. अध्यक्ष लोकनायक बापूजी अणे. त्यांच्या भाषणाविषयी आजोबा फारसे बोलत नसत. लष्करातल्या ज्या घरी उतरले होते त्या घराविषयी मात्र शेवटपर्यंत बोलत. त्या घराशी आमचा पत्रव्यवहार आजही आहे.

आमचा स्वतःचा असा पहिला आगगाडीचा प्रवास खंडव्याचाच, १९७३ च्या मे महिन्यात. वर्गमित्राच्या वडिलांची बदली तेथे झाली होती, आणि पंधराव्या वर्षी आम्हांस एकट्याने जाण्याची परवानगी मिळाली. आईने 'पोचल्याचं पत्र टाक' एवढेच सांगितले, कशाला जातोस हे कोणी विचारले नाही. गाडीला वाफेचे इंजिन होते. पाताळपाण्यास धबधबा उन्हाळ्यामुळे आटलेला. घाट उतरण्यापूर्वी ब्रेक तपासण्यासाठी गाडी बराच वेळ थांबे. मग काळाकुंड, आणि पळसाच्या पानातला तेथला सुप्रसिद्ध कलाकंद, जो घरी नेण्यासाठी घेतला तरी पुढच्या स्टेशनापर्यंत उरत नसे. नर्मदेच्या पुलावर सगळा डबा उठून एका बाजूला आला, आणि नाणी खाली पडताना दिसली. पुढे नोकरीनिमित्त निमाडात बदली झाल्यावर त्या मार्गाने आम्ही किती वेळा गेलो ह्याची गणती नाही, पण प्रवास म्हणून आठवतो तो तेवढाच.

तो मार्ग आता तसा उरलेला नाही. अकोला-पूर्णा भाग २००८ च्या सुमारास ब्रॉडगेज झाल्यावर अजमेर-इंदुराकडून खंडवा-अकोल्यावरून थेट हैदराबादेकडे जाणारी मीटर गेजची वाट खंडित झाली. इंदूर-महू रूळ २०१६ पर्यंत रुंद झाले. पाताळपाणी ते काळाकुंड ह्या घाटात २०१८ च्या डिसेंबरापासून हौशी प्रवाशांसाठी खास गाडी सुरू झाली. आणि १ फेब्रुवारी २०२३ पासून महू ते ओंकारेश्वर रोड ही नित्याची गाडी रुंदीकरणासाठी बंद करण्यात आली. खंडव्यास गाडी बदलण्याचा त्रास ज्यांनी सोसला त्यांनी ह्या बदलास नावे ठेवू नयेत. मेयोसाहेबांच्या काटकसरीची किंमत आपण सव्वाशे-दीडशे वर्षे दिली आहे.

आतापर्यंत जे लिहिले ते पुरुषांच्या मैत्रीविषयी झाले, हे वाचक भगिनींच्या ध्यानात आलेच असेल. आगगाडी बायकांसाठीही होती, झनाना डबा होता, आणि आमच्या आजीने आयुष्यात पणजोबांपेक्षा कितीतरी अधिक प्रवास केला. परंतु तो माहेरी, नणंदेच्या बाळंतपणाला, दिराच्या मुलाच्या मुंजीला, पंढरपूरला, काशीला. देवासास तिची एक मैत्रीण होती. दोघी एका वाड्यात वाढलेल्या. इंदूर-देवास अंतर ते काय, बावीस-तेवीस मैल! तरी त्या भेटत त्या कोणाच्या तरी कार्यातच, आणि तेथेही पंगतीची वाढणी उरकेपर्यंत दिवस सरे. आजीच्या वेळेपर्यंत 'खंडवे, भेट' अशी नोंद पुरुषांच्या वहीत पन्नास वर्षे चालू होती, पण ते शीर्ष बायकांच्या खात्यावर कोणी उघडले नव्हते. आक्काने पणजोबांना जो प्रश्न विचारला तो आजीला कोणी विचारलाही नाही, कारण तिने जाण्याची गोष्टच कधी काढली नाही.

आमच्या आईची शाळेतली मैत्रीण लग्न होऊन अकोल्यास गेली होती. पत्रे नियमाने येत. १९८६ साली, वडील निवृत्त झाल्यानंतर, आई साठीला आलेली असताना एके दिवशी म्हणाली की मला अकोल्याला जायचे आहे. वडिलांनी विचारले, 'त्यांच्याकडे काही कार्य आहे का?' आई म्हणाली, 'नाही.' वडील थोडा वेळ गप्प राहिले आणि मग तिकीट कोणत्या दिवसाचे काढू एवढेच म्हणाले. आम्ही तिला गाडीत बसवून दिले. खंडव्याच्या पुढे मेळघाटातले जंगल लागते, आणि धुळघाटापाशी उंची उतरण्यासाठी रूळ स्वतःभोवती वळसा घेऊन आपल्याच खालून जातात. ते पाहावयास खिडकीशी बस असे आम्ही तिला बजावले होते. परत आल्यावर विचारले तर तिला ते काही आठवेना. समोरच्या बाकावरच्या बाईशी बोलण्यात तो भाग निघून गेला, म्हणाली. अकोल्यास ती आठ दिवस राहिली. पुढल्या दिवाळीनंतर त्या मैत्रीणबाई आमच्याकडे आल्या आणि बारा दिवस राहिल्या.